साडूंच्या हेडलाइटला उत्तर

लग्नाच्या मांडवातून मुठीत अक्षता घेऊन गाडीच्या आवाजामागे धावलेला माणूस अख्ख्या सोलापुरात एकच, आणि ते माझे थोरले साडू. शेवटचं मंगलाष्टक चाललं होतं. बाहेर इंजिन गुरगुरलं, “दोन दारांची! स्पोर्ट्स कारच!” म्हणत ते पळाले, आणि इकडे ‘सावधान’ होताच त्यांच्या अक्षता पडल्या त्या एका पिवळ्या गाडीच्या बॉनेटवर. “दाजी, नवरी आत आहे की!” माझी बायको ओरडली.

त्यांची स्वतःची लाल स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. गतिरोधक आला की आधी बायकोला उतरवायचं, गाडी तिरकी करून पलीकडे न्यायची, मग तिला पुन्हा बसवायचं. माझ्या हिशेबाने त्या पायी लवकर पोचतील. मायलेज विचारलं तर म्हणतात, “ते बघायचं असतं तर मोपेड घेतली असती की, राव!” अशी दुसरी गाडी दिसली की हेडलाइट दोनदा मिचकावून हात करायचा, हा त्यांचा धर्म. बाकीचे मालक उलट हात करायचे. सात रस्ता चौकात नेहमी दिसणारी ती पिवळी गाडी तेवढी गप्प निघून जायची. साडू जेवताजेवता थांबायचे. “माझं काय चुकलं असेल हो?”

एकदा करकंबहून येताना टेंभुर्णीच्या हॉटेलपुढे ती पिवळी उभी दिसली. साडूंनी असा काही ब्रेक मारला की मी देवाचं नाव घेतलं. गाडीजवळ एक जण चहा पीत होता. “काय हो, इतका हात करतोय, दिसत नाही व्हय?”

त्याने कप खाली ठेवला. “दिसतंय की, सायब. लई वाटायचं हात करावा. पन गाडी मालकाची हाय. ते पुण्यात असत्यात, मी निस्ता डायवर. बंद पडू नये म्हणून फिरवतो. तुमी मालक समजून हात करनार, आन् मी तो घ्यायचा, बरं दिसतंय का?”

साडूंनी स्वतःसाठीही चहा सांगितला. मग त्याच्या शेजारी बसत म्हणाले, “मी गाडीला नाही, चालवणाऱ्याला हात करतो.” पुढच्याच आठवड्यात सात रस्त्याला पिवळीने आधी हेडलाइट मिचकावले. साडू आनंदाने सीटवरून अर्धे उठले. सिग्नल हिरवा, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि हे दोन्ही हात वर करून उभे!

दिवाळीनंतर मालकाने गाडी विकली. ड्रायव्हर आता भाजीचा टेम्पो चालवतो. परवा मी साडूंच्या शेजारी होतो. समोरून कोबीने भरलेला टेम्पो आला, एकच दिवा चालू. तो दोनदा मिचकावला. साडूंनी काच खाली घेऊन हात केला.

“आवाज ऐकलात? काय राखलंय इंजिन!”

मला नुसता खडखडाट ऐकू आला होता. पण मी हो म्हणालो.