राधाकाकींची सोबत

राधाकाकींना एकटं राहायची भीती वाटायची, पण वर्षभर नव्हे. फक्त पावसाळ्यात, आणि तीही अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे. एरवी दहिसरच्या आमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत त्या एकट्या राहत आणि कुणाला भीत नसत. एकदा जिन्यात शिरलेल्या भुरट्या चोराला त्यांनी पोळपाट उगारून खाली पिटाळलं होतं, आणि वर "लाटणा आणूचा रवला" म्हणून हळहळल्या होत्या.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. कचेरीत हिशेब तपासण्याचं काम करायचो. दोन आकडे एकाच वेळी चढताना दिसले की त्यांच्यात काहीतरी नातं असणार, असं मला वाटतं. काकींची भीती आणि खाडीची भरती यांच्यातलं नातं मात्र ध्यानात यायला दोन पावसाळे जावे लागले.

आमच्या इमारतीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे उतार आणि उताराच्या तळाशी नदी. नदीला अगदी लागून एक बैठी चाळ होती. अमावास्या-पौर्णिमेला येणाऱ्या उधाणाच्या भरतीला खाडी नदीचं पाणी घेत नाही. त्यातच वरून मोठा पाऊस आला की पाणी मागे फुगायचं आणि चाळीत शिरायचं. धडधाकट माणसं पोरंबाळं, स्टोव्ह, भांडीकुंडी घेऊन रस्त्यावर येत. प्रश्न उरायचा म्हाताऱ्या आणि आजारी माणसांचा. अशी सात माणसं त्या चाळीत होती आणि त्यांतली बहुतेक हलायला तयार नसत.

हे ऐंशीच्या दशकातलं सांगतो आहे. मी आमच्या सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावायचं ठरवलं होतं: 'पूरकाळात चाळीतील वृद्धांना इमारतीत आसरा देण्यात येईल.' कमिटीतले दोघे टाकीतलं पाणी पुरणार नाही म्हणून कुरकुरत होते, पण तेही ऐकले असते. काकींनी मसुदा माझ्याकडून वाचून घेतला आणि म्हणाल्या, "भाऊनू, ह्या लावू नका. आसरो म्हणशात तर कोण येवचो नाय. आसरो घेणाऱ्याक मान खाली घालूची लागता."

"मग काय म्हणायचं?"

"काय म्हणूचा नाय. इचारूचा."

त्यांची विचारायची रीत मी पुढे पाहिली. उधाणाचा दिवस जवळ आला की पाऊस नसताना, भर दुपारी, छत्री काखेत मारून त्या उतारावरून खाली जात. पहिलं दार सखूआजींचं. सखूआजी साताऱ्याकडच्या, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नसे. मुलगा-सून कामाला जायची, दिवसभर म्हातारी एकटी. काकी उंबऱ्यातच बसत आणि म्हणत, "आजी, माका एकटीक झोप लागना नाय. दोन दिवस सोबतीक येशात?"

"एवढी घोडी झालीस आन् भ्या वाटतंय व्हय गं?"

"वाटता खरा."

"चल तर. माझी वाकळ घे." आणि आजी काकींच्या भीतीवर तोंडसुख घेत घेत उतार चढून यायच्या.

सगळ्यांत अवघड होते ते तात्या. तात्या मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी पडलेली. काठी टेकत, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून कसेबसे चालत. आदल्या पावसाळ्यात पाणी एकदम चढलं, तेव्हा मंडळाच्या मुलांनी त्यांना खाटेसकट खांद्यावर घेऊन बाहेर काढलं होतं. मुलांनी केलं ते योग्यच होतं. पण रस्त्यावरून जाणाऱ्या एका माणसाला वाटलं मयत चाललं आहे, आणि त्याने थांबून नमस्कार केला. तात्यांनी ते खाटेवरून पाहिलं. "जित्या माणसाक हात जोडल्यान!" एवढं ते वर्षभर बोलत राहिले. "आता पाणी येवंदे, कायव येवंदे, मी खाट सोडूचंय नाय." मुलगा पाळीवर जायचा, सून समजावून समजावून थकली होती. खाट तर नदीकडच्या भिंतीला लागून.

उधाणाच्या आदल्या दिवशी, रविवारी, काकींनी मला बरोबर नेलं. तात्यांना खांदा द्यायला कुणीतरी हवं होतं. वाटेत मला बजावलं, "तुमी तोंड उघडू नका."

काकींनी दारातूनच विचारलं, "तात्यानू, माका दोन दिवस सोबतीक येशात काय?"

तात्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "पाण्याचा सांगूक इलंस ना?"

"पाण्याचा माका काय? मी दुसऱ्या माळ्यार. पण घरात कोण पुरुषमाणूस नाय. जिन्यात चोर फिरतत. भय वाटता."

आता खोटं कानावर पडलं की दुरुस्त करायचं, ही माझ्या कामातली सवय. मी बोलून गेलो, "भय कसलं काकी? मी शेजारी आहे ना. भिंतीवर नुसती थाप मारा."

 काकींनी माझ्याकडे वळून पाहिलं. वाटलं, संपलं सगळं.

"तुमी?" त्या म्हणाल्या. "तुमी झोपल्यार भिंत हलता. माझी थाप तुमका खंय ऐकू येतली? आधी घोरणा थांबवा, मगे राखणेक येवा."

तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. "येवढे घोरतत हे?"

"इचारू नका. इंजिन!"

"मगे माकाच येवक होया," असं म्हणत तात्यांनी काठीकडे हात केला. "पण चलत येतलंय. कोणी उचलूचा नाय."

"राखणदाराक कोण उचलता?" काकी म्हणाल्या.

उतार आणि दोन जिने चढायला आम्हाला तासभर लागला असेल. वर ढग होते, पण थेंब पडला नव्हता. तेवढा वेळ हाताशी असतानाच काकी का विचारतात, ते मला त्या जिन्यात कळलं. धावत सुटायची वेळ आली की विचारायला सवड राहत नाही. मग उचलावंच लागतं. वर पोचल्यावर काकींनी आपल्या घराची किल्ली तात्यांच्या उजव्या हातात दिली. "ही तुमच्याकडे ठेवा. दार लावूचा, उघडूचा, तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. चाळीच्या खिडक्यांपर्यंत चढलं. तात्यांची सून भिजून वर आली आणि म्हणाली, खाट पाण्यावर तरंगते आहे. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी, किल्ली मुठीत. ते बराच वेळ आपल्या घराच्या कौलांकडे बघत राहिले. मग आत वळून म्हणाले, "बरा झाला मी हंय होतंय. तू एकटी काय केलं असतंस गो?"

"भयान मेलंय असतंय," काकी चहा गाळत म्हणाल्या.

"आन् मी न्हाय व्हय सोबतीला?" सखूआजी चटईवरून कडाडल्या.

"तुमी तर आधी!"

पुढच्या पावसाळ्यापासून आमच्या इमारतीत बऱ्याच जणांना अमावास्या-पौर्णिमेला भीती वाटू लागली. पाण्याच्या टाकीवरून कुरकुरणाऱ्यांतल्या एकाने तर स्वतः खाली जाऊन एका दमेकरी आजोबांना बुद्धिबळाला जोडीदार नाही म्हणून आणलं. चाळीतली सात माणसं आणि आमच्या इमारतीतली बारा घरं. भागाकार सोपाच होता, विचारायची रीत तेवढी अवघड होती. पुढेही पाणी दर वर्षी आलं, पण चाळीतल्या कुणाला पुन्हा उचलून आणावं लागलं नाही.

तात्या पुढे आपल्याच खाटेवर, कोरड्या दिवसांत गेले. त्याआधी एकदा मी त्यांना भेटायला गेलो होतो. ते डोळे मिचकावून म्हणाले, "त्या राधेक कसला भय! माका कळत नव्हता काय? पण तिना माका इचारल्यान."

दशक संपत आलं तसं काकींचं हृदय कुरकुरू लागलं. रात्री एकटं ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझ्या पत्नीने चार वेळा विनवलं, "काकी, आमच्याकडे चला." प्रत्येक वेळी उत्तर एकच: "माझा घर हा ना. तुमका कित्याक तरास?"

पाचव्यांदा मी गेलो. दारातच उभा राहिलो. आयुष्यात जे मला कधी धड जमलं नाही, ते करायचं होतं.

"काकी, ही माहेरी गेली आहे. घरात मी एकटाच. सोबतीला याल का?"

नेमकी त्याच क्षणी आमच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. पाठोपाठ दुसरी झाली.

 काकींचा चेहरा हळूहळू उजळला. "माहेर बरा जवळ हा वहिनीचा. शिटी हंय ऐकू येता."

 त्या उठल्या, उशी काखेत घेतली. "येतंय. पण घोरशात तर मी परत जातलंय, आधीच सांगान ठेवतंय."

आमच्या उंबऱ्याशी माझी पत्नी उभी होती. तिने आमच्या घराची किल्ली काकींच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुमच्याकडे ठेवा."

त्याच वर्षी गणपतींनंतर एका पहाटे, आमच्याच घरी, झोपेतच, काकी गेल्या. आमची किल्ली त्यांच्या मुठीत होती.