जास्त शिकलेला हात

डॉक्टरांनी मला पेटी घेऊन बोलावलं होतं. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात तपासणीच्या टेबलावर मी हार्मोनियम ठेवली आणि रोजची गत वाजवायला घेतली. दुसऱ्याच आवर्तनात करंगळी आणि शेजारचं बोट तळव्याकडे वळलं. डॉक्टर म्हणाले, "पुरे." मग कागदावर लिहिलं, फोकल डिस्टोनिया.

याचा अर्थ त्यांनी सोपा करून सांगितला. मेंदूत प्रत्येक बोटाची जागा वेगळी असते. एकच जलद हालचाल वर्षानुवर्षं केली की कधीकधी शेजारच्या जागा एकमेकींत मिसळतात. एका बोटाला दिलेला हुकूम दुसरंही पाळायला लागतं.

"तुमचा हात आजारी नाही. मेंदू जास्त शिकलाय, आणि चुकीचं शिकलाय."

मी चोपन्न वर्षांचा आहे. राहतो नाहूरला, नोकरी औषधांच्या पॅकिंगची. पण लोक मला बुवा म्हणून ओळखतात. आमच्या कोकणी लोकांत डबलबारी भजनं होतात. दोन मंडळं समोरासमोर बसतात, एकाने म्हटलं की दुसऱ्याने सवाई उत्तर द्यायचं. गाणारा बुवाच पेटीही वाजवतो. मी हे तीस वर्षं केलं.

घाटकोपरच्या एका बारीत द्रुत लयीत करंगळी पहिल्यांदा दुमडली. पखवाजावर माझा जुना मित्र गणपत होता. तो नंतर हळूच म्हणाला, "बुवानू, आज तुमचो हात खय आसा?" मी हसण्यावारी नेलं. दुसऱ्या दिवसापासून रियाज दुप्पट केला, कामावर जायच्या आधी दोन तास. बोट वळलं की तीच जागा परत, आणखी जोरात. आज कळतं, मी सकाळ-सकाळ आजारालाच रियाज देत होतो.

मग तपासण्या झाल्या. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मानेचा एमआरआय झाला. नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली, म्हणजे विजेचे बारीक झटके देऊन नसा तपासतात ती. सगळं नॉर्मल. प्रत्येक रिपोर्टनंतर मी जास्तच खचत गेलो. बटण लावताना, भात कालवताना हात अगदी शहाण्यासारखा चालायचा. फक्त पेटीवर वळायचा. एका डॉक्टरांनी टेन्शन म्हणून गोळ्या दिल्या. मंडळात कुजबूज सुरू झाली, की बुवा हरायला घाबरतात. मलाही तेच वाटायला लागलं होतं.

शेवटी अंधेरीला निदान झाल्यावर बोट्युलिनमचं इंजेक्शन घेतलं. ते स्नायू सैल करतं. करंगळी सुटली, पण शेजारचं चांगलं बोटही लुळं पडलं. महिनाभर चहाचा कप नीट धरवेना. पुन्हा घेतलं नाही.

उरला मेंदूला परत शिकवण्याचा रस्ता. थेरपिस्ट बाईंनी तीन महिने पेटी बंद केली. डोळे मिटून बोटाखाली काय आहे ते ओळखायचं, सुती की रेशमी, खरखरीत की गुळगुळीत. शैलाने, माझ्या बायकोने, पुठ्ठ्यांवर मसूर आणि मूग चिकटवून दिले. कामावरून आली की रोज समोर बसायची. कोणत्या बोटाखाली कोणती डाळ? सुरुवातीला करंगळी आणि शेजारचं बोट मला वेगळं सांगताच येईना. एकदा मी पुठ्ठा भिरकावला. तिने उचलला आणि म्हणाली, "अहो, परत सांगा."

मग पेटी, पण एकेक सूर, गोगलगायीच्या गतीने. बोट वळलं की थांबायचं. बाई म्हणायच्या, "वळलेल्या बोटाने वाजवलेला प्रत्येक सूर मेंदू पाठ करतो."

दीड वर्ष झालं. साधा अभंग आता तीन बोटांनी वाजवतो. द्रुत लय गेली ती गेली. डबलबारी मी सोडली. मंडळाने नवा बुवा आणला, गणपतला मीच त्याच्याबरोबर बसायला सांगितलं. त्यांच्या बारीला मात्र मी जात नाही. अजून जमत नाही.

कोणाचा हात एकाच कामात दगा देत असेल, तर मेहनत वाढवू नका. न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर कदाचित हात थोडा जास्त वाचला असता.

शैलाचे आभार मानायला गेलो, तर म्हणाली, डाळ फुकट गेली तेवढी. पण त्या पुठ्ठ्यांमुळेच करंगळी मला परत माझी वाटते.

गेल्या महिन्यात वेटिंग रूममध्ये शेजारी एक शिक्षिका होत्या, बोरिवलीच्या, नवऱ्याबरोबर आलेल्या. पेन धरलं की त्यांची मूठ आवळते. हात सुधारावा म्हणून रोज दहा पानं शुद्धलेखन लिहून काढते, म्हणाल्या. मी त्यांना माझं सगळं सांगितलं आणि म्हटलं, आजपासून बंद करा. त्यांनी विचारलं, "तुमचं बरं झालं का?"

लोकांना मी एरवी, होईल हळूहळू, असंच सांगतो. त्यांना म्हणालो, "नाही झालं. पण वाढायचं थांबलं."

त्यांनी पर्समधली शुद्धलेखनाची वही काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.