शेवटचं ताट

आमच्या ताईइतकं दुसऱ्याच्या ताटात डोकावणारं माणूस साऱ्या विदर्भात झालं नसेल, आणि इतकं डोकावूनही त्याच घरी पुन्हा जेवायला बोलावलं जाणारं तर साऱ्या पृथ्वीवर नसेल. ताई म्हणजे माझी आतेबहीण, माझ्याहून थोडी मोठी. काटोलच्या पुढे एका खेड्यात तिच्या वडिलांची शेती होती. तिथून ती शिकायला नागपुरात आली, अर्थशास्त्रात एम.ए. झाली, एका कॉलेजात शिकवू लागली आणि गरिबी व विषमता या विषयावर तिने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं. आमच्या नातेवाइकांना अर्थशास्त्र म्हणजे बँकेची परीक्षा वाटे. "गरिबीवर शिकाचं काय असते वं? आपल्या गावात काय कमी आहे?" असं माझ्या आईने तिला विचारलं होतं. त्यावर ताई म्हणाली, "मामी, गावात गरिबी कोणाच्या घरी आहे ते समद्यांले ठाऊक आहे. घरात ती कोणाच्या पानात बसते, ते मले पाहाचं आहे." आईला यातलं काहीही समजलं नाही. पण पोरगी फार हुशार आहे, हे तिने त्या दिवसापासून गल्लीत सगळ्यांना सांगायला सुरुवात केली.

ताईचं म्हणणं तसं साधं होतं. मोठमोठे विद्वान घरात किती धान्य आलं ते बघतात, त्याला घरातल्या माणसांनी भागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अमुक आलं म्हणून मोकळे होतात. "भागाकार कागदावर होते गा, घरात नाही होत," ती म्हणायची. मग घरात काय होतं ते बघण्यासाठी तिने एक स्प्रिंगचा काटा पैदा केला. त्याला खाली अॅल्युमिनियमची परात टांगलेली असे. हा काटा घेऊन ती लोकांच्या स्वयंपाकघरात बसायची आणि ज्याच्या त्याच्या पानात काय पडतं ते तोलायची. काटा पिशवीत मावत नसे, म्हणून तो खांद्याला अडकवून ती बसमध्ये चढे. कोराडीच्या बसमध्ये एकदा एका बाईने तिला विचारलं, "वांगे कसे दिले वं?" ताईने गंभीरपणे सांगितलं, "वांगे संपले, आता फक्त प्रश्न उरले," आणि पुढचे दोन थांबे त्या बाईला तिच्या घरात आधी कोण जेवतं, मग कोण जेवतं, असं विचारत बसली. ती बाई आपला थांबा चुकवून ताईबरोबर पुढे गेली. माझं ऑफिस सदरला होतं, घर नंदनवन भागात, आणि जवळ एक म्हातारी स्कूटर होती. त्यामुळे रविवारी ताईचा वाहनचालक मीच. हा प्रकार मी फार वेळा पाहिला आहे. तिने प्रश्न विचारला की माणूस उत्तर देता देता स्वतःच विचारात पडायचा.

लग्नकार्यात तर तिला नेण्याची सोय नव्हती. पहिल्या पंगतीला ती बसायचीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात एक पाट टाकून शेवटची पंगत उठेपर्यंत बघत राहायची. आमच्या एका चुलतभावाच्या लग्नात मुलीकडच्यांना वाटलं, मुलाची बहीण रुसली. झालं, विहीणबाई हळदकुंकू, ब्लाऊजपीस घेऊन समजूत काढायला आल्या. "अवं, मी रुसली नाही," ताई म्हणाली, "मी पाहून राहिली." यावर त्या आणखीच घाबरल्या.

आणि ताई जेवायची म्हणजे काय जेवायची! गरिबीचा अभ्यास करणारं माणूस वाळकं, चष्म्याआड खोल गेलेलं असावं अशी आपली समजूत असते. ताई चांगली उंचनिंच, रुंद हाडाची, आणि भाकर अशी मनापासून खायची की वाढणारीला पुण्य लागावं. तिची ही भूकच तिच्या कामी आली. कोराडीला वीज केंद्राजवळ कोळशाच्या ट्रकांवर राबणाऱ्या लोकांची वस्ती होती. पत्र्यावर, पाण्याच्या हंड्यावर, तुळशीवर राखेचा पातळ थर. तिथे पहिल्याच घरात सासू आडवी आली. "आमचं जेवण काहून तोलतं वं? नजर लागन लेकरांले!" ताईने वाद घातला नाही. डब्यातून आणलेल्या आपल्या भाकरी काढल्या, परातीत ठेवल्या, काटा सासूच्या डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, "आधी माही नजर उतरवून घे." काटा असा खाली बसला की सासू पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग शेजारच्या बायका आल्या, त्याही हसल्या, आणि ताईला त्या घरात जागा मिळाली.

पण काम सोपं नव्हतं. ती बसलेली असली की सगळे सणासारखे जेवत. सुनेलाही सगळ्यांबरोबर बसवत. "पाव्हणीसमोर कोणी उपाशी राहत नाही," ताई मला म्हणाली. "मले पाव्हणी राहाचं नाही. त्यांले माहा कंटाळा आला पाहिजे." म्हणून ती तिथे दिवसच्या दिवस जाऊन बसे, शेंगा सोले, लेकरांची नाकं पुसे, आणि लोकांना तिचा विसर पडला की मग काटा काढे. तेव्हा सून भांड्याच्या तळाची खरवड आणि पातळ वरण घेऊन चुलीमागे बसलेली दिसायची. त्याच घराला कागदावरच्या भागाकाराने पोटभर जेवणारं घर ठरवलं होतं.

ताईचे मार्गदर्शक नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराण्यातले, अतिशय सज्जन, हळू बोलणारे गृहस्थ. आम्ही सगळे त्यांना सर म्हणत असू. त्यांना हे प्रकरण पटेना. "बाई, घर हे आपल्या शास्त्रातलं एकक आहे. अर्थशास्त्र उंबऱ्यापर्यंत जातं," ते म्हणाले. ताई म्हणाली, "सर, मग मी चपला काढून आत जातो." सर हसले, पण मुद्दा सोडला नाही. हे अज्ञानामुळे होतं, शिकलेल्या घरात असं नसतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. आणि तितक्याच मनापासून ते बोलून गेले, "हवं तर आमच्याकडे या आणि मोजा."

ताई गेली. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, ठेंगण्या, गोऱ्या, सतत हसणाऱ्या. पहिले काही दिवस काकू सगळ्यांबरोबर टेबलावर बसल्या, सरांनी स्वतःच्या हाताने त्यांना वाढलं, आणि "पाहिलंत?" असं डोळ्यांनी ताईला विचारलं. ताई रोज जात राहिली, काकूंबरोबर भाजी निवडत राहिली. हळूहळू काकू गरम पोळी आणायला म्हणून टेबलावरून उठू लागल्या आणि परत बसायच्या राहू लागल्या.

एका रविवारी मी ताईला न्यायला गेलो तर सरांचे दोन पुतणे अचानक आले होते, आणि सरांनी मलाही आग्रहाने पानावर बसवलं. जेवणं झाली, आम्ही हात धुऊन बाहेर बसलो. सर सुपारीचा अडकित्ता शोधत आत गेले आणि मी पाणी प्यायला त्यांच्या मागून. स्वयंपाकघरात काकू खाली बसल्या होत्या. ताटात पोळीचे दोन तुकडे, लोणचं आणि ताक. ताटावर त्यांनी हात आडवा धरला होता आणि ताईला म्हणत होत्या, "आज नको गं मोजूस. आज माणसं जास्त होती."

ताईने काटा खाली ठेवला होता.

सर दारात थांबले. त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज अशा जेवता?"

"रोज कुठे? कधीमधी."

"कधीपासून?"

काकू हसल्या. "आता काय आठवायचं! लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई सगळ्यांच्या शेवटी बसायच्या. मी त्यांच्याही मागून."

सरांच्या आईबद्दल सर नेहमी फार अभिमानाने बोलत. ते बाहेर आले आणि अडकित्ता न घेताच खुर्चीवर बसून राहिले. परत येताना स्कूटरवर ताई म्हणाली, "काकूनं मले शपथ घातली. घराचं नाव कुठीच येऊ द्यायचं नाही. सरांची शोभा होईन म्हणते."

प्रबंधात या मोजमापाचं एक प्रकरण आलं. कोराडीची वस्ती, काटोलकडची शेतकरी घरं, आणि शेवटी नुसतं 'एक सुशिक्षित घर'. तोंडी परीक्षा भर उन्हाळ्यात झाली. विभागाच्या हॉलमध्ये कुणालाही बसता येत होतं, म्हणून मीही मागे जाऊन बसलो. बाहेरगावाहून आलेले परीक्षक विद्वान होते आणि त्यांना ताईचा राग आलेला स्पष्ट दिसत होता. गरिबांचं तुम्ही म्हणता ते असेल, ते म्हणाले, पण हे सुशिक्षित घर कुठलं? शहर, मोहल्ला, व्यवसाय, काहीच नाही. हे घर खरं आहे याला पुरावा काय? घर सांगा, नाहीतर प्रकरण काढा, मग बघू.

ताई उभी होती. पदवीवर तिची कायमची नोकरी अवलंबून होती, गावाकडे म्हातारे आईवडील तिच्यावर. जिने कोराडीच्या सासूपासून बसमधल्या बाईपर्यंत सगळ्यांना उत्तरासाठी अडवलं, तिलाच आज कुणी अडवून धरलं होतं. परीक्षकांनी पुन्हा विचारलं. ताईने मान हलवली. "घर सांगता येत नाही," ती म्हणाली. "आणि प्रकरण काढत नाही." अशा वेळी एखादं नाव फेकून द्यायला कितीसा वेळ लागतो? पण तिच्या चेहऱ्यावर विचार करत असल्याचंसुद्धा दिसेना.

कोपऱ्यात कूलर घरघरत होता. सर उठले, चालत कूलरपर्यंत गेले आणि त्यांनी तो बंद केला. त्यांचा आवाज मुळातच लहान; तो सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. मग ते म्हणाले, "ते घर माझं आहे. बाईंनी तिथे बरेच दिवस मोजमाप केलं, त्यातलं काही मी स्वतः पाहिलं आहे." थोडं थांबून म्हणाले, "हे सांगायला घरातून परवानगी घेऊन आलो आहे."

महालातल्या त्या घराण्यातला माणूस आपल्या स्वयंपाकघराबद्दल चारचौघांत असं बोलला, याचं मोल बाहेरगावच्या परीक्षकांनाही कळलं असावं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा प्रश्न एकदम वेगळ्या आवाजात विचारला. ताईने उत्तर दिलं, पण तिचे डोळे सारखे सरांकडे जात होते.

ताईला पदवी मिळाली, नोकरी पक्की झाली. यामुळे महालातलं ते घर पार बदललं असं मात्र कुणी समजू नये. काकूंची सवय काही सुटली नाही. आधी जेवायला बसवलं की त्यांना घास उतरत नसे. मग सरच त्यांच्याबरोबर मागून जेवू लागले. पुतणे आले की त्यांना वाढून देत, आणि ते गेल्यावर दोघं समोरासमोर बसत. "काका शास्त्र विसरून वाढपी झाले," असं एक पुतण्या म्हणाला, तेव्हा सर म्हणाले, "शास्त्र आत्ता कुठे सुरू झालंय."

पुढे काही वर्षांनी ताईला आफ्रिकेतल्या एका देशातून बोलावणं आलं. तिथल्या खेड्यांतही हेच मोजायचं होतं, आणि आयुष्यभर बाहेरच्या पुस्तकांतून आपल्याकडची गरिबी शिकलेल्या आम्हा लोकांना नवल वाटलं की आता काटोलकडची पोरगी तिकडची गरिबी शिकवायला निघाली. मुंबईला जाणाऱ्या गाडीत मी तिला बसवून दिलं. सर आजारी होते, पण काकू एकट्या रिक्षा करून आल्या होत्या. खिडकीच्या गजांतून त्यांनी ताईचा हात धरला, तिच्या बोटांवरून आपली बोटं फिरवली आणि तोंडाने एवढंच म्हणाल्या, "सांभाळून राहा गं." मग त्या मागे सरकल्या.

ताई मला म्हणाली, "काय गा, मले तिथली भाषा येत नाही." तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "बाया बोलतीन का माह्याशी?"

मी काहीतरी बोललो असेन, पण गाडी हलली आणि तिला ते ऐकू गेलं नसावं. ती दोन वर्षांसाठी गेली होती. मध्ये एकदा आईवडिलांना भेटून गेली, ते गेले तेव्हा येऊन गेली, आणि दर वेळी घाईतच असायची. तिकडे कुठल्याशा गावात कुणी वाट बघत असे. त्या गावाचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. बाया तिच्याशी बोलल्या की नाही, हे तिने मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती परत राहायला आली नाही, त्यावरून आपण समजून घ्यायचं.