चौथ्या अक्षराची ओळ

माणूस भेटला की ती आधी त्याच्या हाताची शीर बघते, मग चेहरा. जिना चढताना पायऱ्या मोजते. मध्येच कुणी बोललं तर खाली येऊन पुन्हा सुरुवात करते. पेनाचं टोपण कधी दातात धरत नाही. मिठाच्या बरणीवरसुद्धा तारखेची चिठ्ठी लावते. रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये तिला सगळे चिठ्ठीताई म्हणतात.

नऊ वर्षं नळ्या हाताळल्यावर तिला बायोइन्फर्मेटिक्समध्ये, म्हणजे जनुकांची माहिती संगणकावर वाचण्याच्या शास्त्रात, एमएस्सी करायची होती. लॅबच्या डॉक्टरांनी दोन वर्षांची रजा कबूल केली, पण यंदा गेली तरच. तिने पाच अभ्यासक्रमांचा तक्ता मांडला. त्यातले दोन उरले. मूळ गुणपत्रिका अर्जासोबत जमा करायची होती, म्हणजे अर्ज एकच. दोन्ही माहितीपत्रकं तिने शेजारच्या मैत्रिणीपुढे ठेवली. ही नुकतीच साहित्याची पदवी घेऊन घरी बसलेली.

"कविताबाई, मला दुपारपाळी आहे. तुला वाचायची सवय. अटी नीट बघ आणि एक सांग. उद्या शेवटचा दिवस."

पहिल्याची भाषा रुक्ष होती, नुसते मुद्दे. दुसऱ्यात पेशीतल्या लिपीबद्दल एक सुरेख परिच्छेद होता. मैत्रीण तिथेच विरघळली. अटींचं पान तिने उलटलंच नाही.

"दुसरा," ती म्हणाली. "डोळे मिटून भर."

ताईने भरला.

महिन्याने नकार आला. पदवीला दोन वर्षं गणित असणं सक्तीचं होतं. ताईचं नव्हतं. पहिल्याला ती अट नव्हती, पण तिथल्या जागा भरल्या होत्या.

मैत्रीण आठवडाभर मागच्या जिन्याने ये-जा करत राहिली. शेवटी ताईनेच तिला गाठलं.

"मी काही सुई घेऊन उभी नाहीये. पळतेस कशाला?"

"मी अटी वाचल्या नव्हत्या, ताई."

"मग बघितलंस काय?"

"भाषा."

ताई हसली. मैत्रिणीला शिव्या परवडल्या असत्या.

"नळीवरचं नाव मी दोनदा वाचते," ती म्हणाली. "हे मीही एकदा वाचायला हवं होतं. चल, चहा घे."

ताई चहा ठेवायला आत गेली. मैत्रीण टेबलापाशी मान खाली घालून बसली. समोर ताईची वही उघडी होती. जनुकाच्या लांबलचक ओळीत चारच अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. कुठलं किती वेळा आलं ते मोजणारा छोटा प्रोग्रॅम ती रोज पाळीनंतर शिकत लिहीत होती. ए मोजणारी ओळ लिहून झाली होती. टी आणि जीचीही. सीची ओळ उघडत्या कंसाशीच थांबली होती. कोपऱ्यात चिठ्ठी होती, तिच्यावर नकार आला त्या दिवसाची तारीख.