उंबरापाशी उजवीकडे

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी निफाडजवळ एका द्राक्षबागेच्या बांधावर उभा होतो. बांध कुणी सरकवला यावरून दोन भाऊ भांडत होते आणि मी, मोजणी खात्याचा माणूस, टेप हातात धरून दोघांना गप्प करत होतो. "मामा गेला रे विन्या," मामी म्हणाली, "खुर्चीत बसल्या बसल्या..." मोबाइल खिशात ठेवला आणि पहिला विचार काय आला सांगू? सांगायची लाज वाटते. वाटलं, सुटलो. आता दिवाळी झाली की तो विचारणार नाही.

देवळाली कॅम्पात मामाचं टेलरिंगचं दुकान होतं. जवानांच्या वर्द्या शिवायचा. पायरी चढणाऱ्याच्या हातात आधी पाण्याचं भांडं, मग माप. पोस्टमन असो, सुभेदार असो, नाहीतर चुकून आत शिरलेला फेरीवाला, "आधी पाणी घ्या" यात सवलत नव्हती. आम्ही भाचरं त्याला पाणपोईवाला म्हणून चिडवायचो. यामागचं कारण मला कळलं ते नव्वदच्या सुमारास, मी नोकरीत पक्का झाल्यावर. तो विशीत असताना आमच्या आजोळच्या, त्र्यंबकच्या बाजूच्या गावामागच्या डोंगरावर एक लहान विमान पडलं होतं. लाकडं तोडायला गेलेला मामा तिथं सगळ्यांच्या आधी पोचला. एक जण जिवंत होता. "पानी," एवढंच म्हणाला. "मी पळालो रे," मामा सांगायचा, "गावातनं तांब्या भरून घेतला. येताना उंबरापाशी दोन वाटा फुटतात. घाबरलो होतो, डावीकडं वळलो. ती वाट बरोबर का चूक, अजून नाय कळलं. पोचलो तर गार पडला होता." एवढं बोलून तो शिवणयंत्राकडे वळायचा, उगाच चाक फिरवायचा.

त्याला तिथं जाऊन एक तांब्या पाणी ओतायचं होतं. बस्स. दोन तासांची चढण! पण गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, मामी एकट्याला सोडेना, मूलबाळ नाही. मग कोण? मोजणीवाला भाचा. कापड बेतायच्या खाकी कागदावर त्याने आठवणीतून नकाशा काढला होता. दर दिवाळीनंतर तो टेबलावर पसरायचा. पहिली एसटी कुठली, भाकऱ्या किती, गुडघ्याला पट्टा, सगळं ठरायचं. आणि मी ऐन वेळी काहीतरी काढायचो. कधी पोरीची परीक्षा, कधी साहेबांचा दौरा, तर कधी नुसता कंटाळा. होय, कंटाळा. "बरं, पुढच्या वर्षी," तो म्हणायचा आणि कागदाची घडी घालायचा.

एके वर्षी म्हणालो, "दे इकडे, नीट काढून आणतो." आणि त्याच डिसेंबरात ऑफिसच्या चौघांबरोबर मी तो डोंगर चढून आलो. मामाला न सांगता. तो असता तर दर शंभर पावलांवर थांबावं लागलं असतं... असं मी स्वतःला सांगितलं. वर कारवीत पत्र्याचे चारदोन तुकडे होते, एक वाकलेली नळी होती. डिसेंबर असूनही दुपारचं ऊन मी म्हणत होतं. बाटलीत अर्धं पाणी उरलं होतं, ते मी डोक्यावर ओतून घेतलं. त्याच जागी! बाकीचे हसले, मीही हसलो. मामाचा तांब्या मला आठवलाच नाही हो.

आठवड्याने दुकानात जाऊन कागद जसाच्या तसा परत केला. म्हणालो, "वेळ नाही झाला. आणि वाट बुजलीय म्हणतात गावातले." मामाने कागद डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ बघितला. "बुजली असंल," म्हणाला. पुढची आठ वर्षं दिवाळीनंतर तो विचारत राहिला, "विन्या, यंदा जमतंय का बघ." मला राग यायचा. वाट बुजलीय म्हटलं ना एकदा!

दिवसकार्य आटोपल्यावर मामीने मला दुकानात नेलं. कात्र्यांच्या डब्याखालचा कागद काढून दिला. उंबराच्या खुणेपाशी माझं अक्षर होतं, मोजणी खात्याच्या टोकदार पेन्सिलीतलं. चुकीचा नकाशा दिसला की हात शिवशिवतात आमचे, उतरताना उजवीने आलो तेव्हा नकळत लिहून गेलो असणार: 'डावी नको. उजवी घ्यावी. वीस मिनिटे वाचतात.'

वीस मिनिटं... ती ओळ मामाने लाल पेन्सिलीने गिरवली होती. खाली त्याच्या वाकड्या अक्षरात यादी होती: भाकरी सहा. पट्टा. पाणी तीन बाटल्या, एक त्याची, एक माझी, एक विन्याची.

"कागद परत आला त्या दिवशी जेवला नाही," मामी म्हणाली. "म्हणाला, विन्या जाऊन आलाय."

"मग मला बोलला का नाही?"

"म्हणाला, पोरगं लाजंल."

मी कागदाची घडी घातली. मामी आत गेली आणि सवयीने तांब्याभांडं घेऊन आली. "घे, उन्हातनं आलायस." घसा कोरडा पडला होता. तरी म्हणालो, "तहान नाही गं."

त्या दुकानात मी बोललेलं हे दुसरं खोटं.