एका पायातलं जोडवं

खाली मान घालून चालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. आमच्या गावात पाठीवर कडब्याचा भारा घेतलेला प्रत्येक जण तसाच चालतो. पण जमिनीनं आपली एखादी वस्तू लपवून ठेवली आहे आणि आज ना उद्या ती तिला परत करावीच लागेल, अशा नजरेनं खाली पाहत चालणारा गृहस्थ अख्ख्या वऱ्हाडात एकच होता, आणि नेमकी त्याच्याच घरातली खोली मला राहायला मिळाली.

मी नांदगाव खंडेश्वरजवळच्या खेड्यातून अमरावतीला कॉलेजात शिकायला आलो होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिलाच. शहरातली शिकलेली माणसं कशी वागतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिले काही महिने मी असंच समजत होतो की पेन्शनीत निघालेले सगळेच लोक सकाळी उठून रस्त्यावरच्या टाचण्या गोळा करतात. माझे घरमालक अकोल्याच्या तारघरात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. गल्ली त्यांना तारमास्तर म्हणे, मी काका म्हणत असे. परकोटाच्या आत एक फेरी मारून आले की त्यांच्या कोटाच्या खिशातून गुंड्या, खिळे, घोड्याच्या नालेचा तुकडा, लढाईच्या दिवसांत निघालेला भोकाचा पैसा, असं काहीबाही निघे. एकदा एक किल्ली सापडली. ती मालकाला पोचवायची म्हणून त्यांनी गल्लीतल्या घरोघरी जाऊन कुलपांना लावून पाहिली. ती शेजारच्या वकिलांची नव्हती, पण त्यांच्या कपाटाला लागली. वकील पुढे कितीतरी दिवस काकांशी बोलले नाहीत.

काकांचे कान फार तिखट. तारघरात जन्म गेल्यामुळे त्यांना आवाज नुसता ऐकू येत नसे, तो काहीतरी सांगतो आहे असं वाटे. नळाचं थेंब थेंब गळणं, सुतारपक्ष्याची ठकठक, सगळ्याचा ते अर्थ लावत. घरातला एक आवाज मात्र त्यांना छळत असे. काकू शहाबादी फरशीवरून चालल्या की एका पायातलं जोडवं टक् असं वाजे, आणि दुसऱ्या पायाचा आवाजच येत नसे, कारण त्या पायात जोडवं नव्हतं. ते फार वर्षांपूर्वी कौंडण्यपूरला, रुक्मिणीच्या माहेरगावी, वर्धा नदीत गेलं होतं. नवं करायची गोष्ट निघाली की काकू "राहू द्या आता" एवढंच म्हणत आणि कामाला लागत. काका मला म्हणत, "घरभर अर्धीच तार येते रे. पुढचा मजकूर नदीत आहे."

दुसरी जागतिक लढाई संपली आणि फौजेचा उरलेला माल बाजारात येऊ लागला. काका सहज म्हणून अकोल्याला गेले आणि परतताना एका भंगारवाल्याकडून जमिनीतले सुरुंग शोधायचं यंत्र घेऊन आले. पाठीवर बांधायची एक पेटी, लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटासारखी चकती, आणि कानाला लावून ऐकायचे दोन डबे. चकतीखाली धातू आला की कानात भुणभुण व्हायची. काकूंनी त्याचं नाव त्याच दिवशी भुणभुण्या ठेवलं. धोतर खोचून, टोपीवरून ते डबे चढवून काका अंगणात उभे राहिले, तेव्हा वकिलांनी भिंतीवरून पाहिलं आणि अबोला सोडून ते म्हणाले, "मास्तर, लढाई संपली म्हणे. तुमाले कोणी सांगितलं नाही काय?"

सबंध पावसाळा काका अंगणात शिकत होते. मला पैसे, खिळे, चमचे पुरून ठेवायला सांगत आणि आपण भिंतीकडे तोंड करून उभे राहत. लोखंडाची भुणभुण कशी जाड असते, चांदीची कशी स्वच्छ, हे ते मला ऐकवत. मला दोन्ही सारख्याच वाटत, पण तसं म्हणायचा मला संकोच होई. पहिल्यांदा ते दांडा इकडून तिकडे झाडू मारल्यासारखा फिरवायचे आणि निम्म्या वस्तू मागे राहायच्या. काकू ओसरीवर गहू निवडत होत्या. त्यांच्यानं राहवेना. "अहो, सारवल्यासारखा हात फिरवा. पहिल्या पट्ट्यावर दुसरा चढला पाहिजे. मधी कोरडं सुटलं तर काय कामाचं?" काकांनी सारवल्यासारखा हात फिरवला आणि हरवलेलं उलथनं निघालं.

या यंत्रानं गुप्तधन दिसतं अशी हवा व्हायला वेळ लागला नाही. नारळ-लिंबू घेऊन माणसं दारात यायला लागली. माझे वडील मला ज्वारीचं पीठ द्यायला आले होते, तेही बराच वेळ त्या पेटीकडे पाहत बसले. मग हळूच काकांना म्हणाले, "मास्तर, याले सोनं दिसते काय?"

"दिसत नाही. ऐकू येतं."

"मंग आमच्या वावरात एकडाव आणा. वखराची पास हरपली हाये दोन वर्षांपासून."

सोन्याची चौकशी करून वखराचं पातं मागणारा माणूस काकांना फार आवडला. त्यांनी बाबांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

कार्तिकात कौंडण्यपूरची यात्रा झाली, गर्दी पांगली, आणि आम्ही दोघं निघालो. मोटारीनं कुऱ्ह्यापर्यंत आणि पुढे दमणीनं. बैलाच्या चालीबरोबर हलत काकांनी मला सगळं सांगितलं. "मी मोठ्या आजारातून उठलो, त्या वर्षी हिनं हट्ट करून मला इथं दर्शनाला आणलं. परतायची घाई मीच केली. तिला पाण्यातून धड बाहेरही येऊ दिलं नाही. वर आली तेव्हा एका पायात जोडवं नव्हतं. एका शब्दानं बोलली नाही रे. बोलली असती तर बरं झालं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "ते तिच्या पायात घालायचं आहे मला. हे यंत्र त्याच्यासाठी आहे. बाकी सगळं आपलं लोकांना सांगायला." दर पावसाळ्यात नदीचा पूर वाळू कुठल्या कुठे नेतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजत होतं. पण काकांनाही ते समजत असणारच, म्हणून मी गप्प राहिलो.

पहिली सकाळ वाया गेली. चकती कुठेही नेली तरी भुणभुण होई आणि काका "इथं!" म्हणत. मी खणे, खाली काही नसे. काठावर रानडुकरांचा कळप येऊन गेल्यासारखी वाळू झाली. ऊन चढल्यावर काका दमून बसले, यंत्र पायांशी ठेवलं, आणि भुणभुण थांबेचना. तेव्हा उलगडा झाला. यंत्राबरोबर त्या भंगारवाल्यानं त्यांना फौजी बूट गळ्यात मारले होते, आणि त्यांचे तळवे खिळ्यांनी भरलेले होते. मग अनवाणी पायांनी आम्ही नव्यानं सुरुवात केली. आधी कोरडी वाळू, जिथं लोक कपडे काढून ठेवतात. मग ओली वाळू. मग चकतीला मेणकापड गुंडाळून घोट्याइतकं पाणी. पाण्यात आवाज आला की पायाच्या बोटांनी जागा धरायची, वाळू फावड्यानं नाही, सावकाश हातानं उचलायची आणि काकूंची गव्हाची चाळणी खाली धरायची. ती चाळणी आम्ही न विचारता आणली होती.

पैसे निघू लागले. हिरवे पडलेले ढब्बू, भोकाचे पैसे, एखादी चवली. एवढ्यात पाणी भरायला आलेली एक म्हातारी घागर खाली ठेवून उभी राहिली. "काहून जी," ती म्हणाली, "लोकायनं देवाले देल्लेले पैसे काढून राह्यले काय? चांगले टोपीवाले दिसता." काकांचा चेहरा उतरला. त्यांनी सगळे पैसे जिथून काढले होते तिथं परत नेऊन सोडले. म्हातारी शेवटचा पडेपर्यंत हलली नाही.

घरी आल्यावर त्यांनी यावर विचार करून नियम केला. जेवताना त्यांनी तो जाहीर केला. "पैसा हा सोडलेला असतो. तो काढायचा नाही. दागिना हा हरवलेला असतो. तो काढून मालकाला द्यायचा. सोपं आहे." काकू भाकरी वाढत होत्या. त्या काहीतरी बोलणार असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "चाळणी कुठी हाये माही?"

माघात नदी आणखी उतरली तेव्हा काकांनी पुन्हा जायचं काढलं. त्यांना खोकला झाला होता आणि छातीत घरघर ऐकू येत होती. काकूंनी विरोध केला नाही. फक्त म्हणाल्या, "मी बी येते." आणि घोंगडी, गुळपापडी, चाळणी असं सगळं स्वतः बांधलं.

काठावर घोंगडी अंथरून काकू बसल्या. काका गुडघाभर पाण्यात. सारवल्यासारखा हात, पट्ट्यावर पट्टा. मी मागून चाळणी घेऊन. पाणी इतकं गार होतं की माझीच बोटं वाकत नव्हती. काकांना खोकल्याची उबळ आली की चकती हले, मग ते तो पट्टा पुन्हा पहिल्यापासून घेत. काठावरून काकू हाक मारत, "झालं असन तर या आता!" काका डबे कानाला लावलेले असल्यामुळे न ऐकल्यासारखं करत.

आणि आवाज आला. काका जागच्या जागी थांबले. मी चाळणी धरली. वाळू गेली, शिंपले गेले, आणि जाळीवर एक काळं वेटोळं राहिलं. काकांनी ते ओल्या वाळूनं घासलं. चांदी चमकली. ते जोडवं होतं.

काका तसेच, पाठीवरची पेटी, कानावरचे डबे, सगळ्या लवाजम्यानिशी पाण्यातून निघाले आणि काकूंसमोर जाऊन बसले. हातातला दांडा खाली ठेवला तो काकूंच्या पायापाशी. पायातल्या जोडव्यानं यंत्र भुणभुणायला लागलं असावं, कारण काका दचकले.

"पाय पुढं कर."

"अहो, चारचौघांत हे काय?"

"चारचौघं कुठं आहेत? हा एकटा आहे, आणि हा कॉलेजात जातो."

काकूंनी ते जोडवं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. "हे माह्यं नाही."

"इतकी वर्षं वाळूत घासून नक्षी जाते."

"नक्षी जाईन. माप कसं जाईन? हे एखाद्या पोरीचं हाये."

काका उठले. "मग तुझं अजून तिथंच आहे. त्या खडकाच्या अंगाला अजून पाहिलेलं नाही." आणि खोकत खोकत ते पुन्हा पाण्याकडे वळले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "माह्यं हरपलंच नाही. म्या सोडलं होतं."

काकांनी कानावरचे डबे काढले. कदाचित नीट ऐकू आलं नाही असं त्यांना वाटलं असावं.

"अकोल्याले तुमाले मुदतीचा ताप आला होता. डॉक्टर दारातच मान हालवून गेला. तवा बोलली होती मी रुक्मिणीले. हे उठून बसले तर जोडवं देईन म्हणून."

काकांनी नदीकडे पाहिलं. मग त्यांनी जे विचारलं ते फक्त तेच विचारू शकले असते. "पण एकच का?"

काकूंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू विचारत होत्या की तारघरानं या माणसाला इतकी वर्षं कसं ठेवून घेतलं. "दोन्ही कसे देऊ? तुमी बसले होते ना उठून."

सवाष्णीच्या दोन्ही पायांतली जोडवी केव्हा उतरतात, हे आमच्यापैकी कुणाला सांगायची गरज नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी हसले असते."

"हसलो असतो," काका म्हणाले. "आणि दुसऱ्या दिवशी नवं आणून दिलं असतं."

"मंग देल्ल्यासारखं काय राह्यलं असतं?"

काकांनी हातातलं ते परकं जोडवं पुढे केलं. "मग हे? हे हरवलेलं की सोडलेलं?"

"ते मले काय मालूम? तुमच्या भुणभुण्याले इचारा."

काकांनी पेटी उतरवून ठेवली. यंत्राशिवाय, नुसतेच ते पाण्यात गेले. आम्ही केलेला खड्डा केव्हाच भरून आला होता, पण त्यांनी ती जागा बरोबर शोधली, वाकून जोडवं वाळूत ठेवलं आणि वरून पायानं दाबलं. परत आले तेव्हा काकूंनी त्यांना घोंगडीत गुंडाळलं आणि गुळपापडी दिली. ती त्यांनी खाल्ली. परतीच्या वाटेवर दमणीत ती दोघं मागे बसली. मी पुढे गाडीवानाजवळ जाऊन बसलो.

त्यानंतरही ते यात्रेमागून नदीवर जात, पण फक्त लोखंड काढत. खिळे, फुटक्या नाला, मासे धरायचे गळ, जे आंघोळीला उतरणाऱ्यांच्या पायात रुततं ते. चांदीची भुणभुण आली की पट्टा सोडून पुढे जात. आता ती त्यांना खरंच वेगळी ऐकू येत असे की नाही, मला माहीत नाही.

बी.ए. होऊन मी ती खोली सोडली. निघायच्या सकाळी नमस्कार करायला गेलो, तर काका ओसरीत यंत्र मांडीवर घेऊन बसले होते. बॅटऱ्या संपत आल्या होत्या आणि नव्या मिळत नव्हत्या. कानाला डबे लावून ते उरलेला आवाज तपासत होते. मी समोर उभा आहे हे त्यांना कळलं नाही. तेवढ्यात काकू आतून माझ्यासाठी दशम्यांचं गाठोडं घेऊन आल्या. फरशीवर एका पायाचं जोडवं वाजलं. काकांनी मान वर केली नाही. फक्त हात उचलून एका कानावरचा डबा बाजूला सारला, आणि त्या माझ्यापर्यंत येऊन थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.