सूर्यास्ताआधी की नंतर

आमच्या गणिताच्या बाई बेने इस्राएल होत्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. आमच्या आळीतच काय, अख्ख्या मालवणात मला माहीत असलेलं त्यांच्या समाजाचं हे एकच घर. लग्नानंतर त्या अलिबागकडून इथे आल्या. त्यांचे यजमान, आमचे काका, बंदर खात्यात होते, ते निवृत्त झाले तरी दोघं इथेच राहिली. एकुलता एक मुलगा इस्रायलला गेला, तिथल्या एका कारखान्यात लागला. बाईंचं घर आमच्यापासून तिसरं. शाळेत त्यांनी मला तीन वर्षं शिकवलं आणि एका सहामाहीला नापास केलं, तेही दोन मार्कांनी. दोन मार्क कुणीही दिले असते. बाईंनी दिले नाहीत.

पुण्याची प्रोग्रामिंगची नोकरी घरून करता येईल असं झालं तेव्हा मी मालवणला परत आले. आठवडा झाला नसेल, बाई भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आमच्या ओटीवर हजर.

"ह्यां कॅलेंडर मुंबयचां," त्या म्हणाल्या, "आणि माझो दिवो मालवणात पेटता. कसा जमाचा?"

इतक्या वर्षांत त्या आमच्याहून चांगलं मालवणी बोलायला लागल्या होत्या. शाळेत मात्र पुस्तकी मराठी. नापास त्यांनी मला पुस्तकी मराठीतच केलं होतं.

त्यांचं म्हणणं असं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुरू होतो. सूर्य बुडायच्या अठरा मिनिटं आधी दिवा लावायचा, त्यानंतर काडी ओढायची नाही. ही वेळ मुंबईहून छापून आलेल्या कॅलेंडरात असायची, आणि ती मुंबईच्या सूर्याची असायची. बाईंनी वर्षभर जेटीवर उभं राहून, आकाश मोकळं असेल त्या दिवशी, मनगटी घड्याळ लावून सूर्य बुडताना बघितला होता. शंभर पानी वहीत दोन रकाने पाडले होते. मे महिन्यात मालवणचा सूर्य सात-आठ मिनिटं आधी बुडतो, डिसेंबरात उलट दोन-तीन मिनिटं मागाहून. पावसाळ्याचे रकाने कोरे होते, कारण ढगांत सूर्य दिसतच नाही.

"ता पावसाळ्याचा तू काढून दी," बाई म्हणाल्या. "पुण्यात येवढी वर्षां काय केलंस मगे?"

अशी मी त्या कामाला लागले. काम तसं गमतीचं होतं. अक्षांश, रेखांश आणि तारीख घातली की सूर्य कधी उगवतो नि मावळतो ते गणिताने निघतं, पण बाईंचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. त्यांच्या प्रार्थनेचा तास साठ मिनिटांचा नसतो. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे बारा सारखे भाग करायचे, एकेक भाग म्हणजे एक तास. जूनमध्ये हा तास लांबतो, डिसेंबरात आखडतो. सकाळची प्रार्थना असल्या तीन तासांच्या आत व्हायला हवी. तास म्हणजे साठ मिनिटं, हे ज्या बाईंनी छडी हातात घेऊन आम्हाला शिकवलं, त्याच आता मला सांगत होत्या की ते सगळ्यांसाठी खरं नसतं. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "परीक्षेत साठच लिवायचे."

महिन्याभरात प्रोग्राम उभा राहिला. बाईंच्या वहीतल्या रकान्यांशी ताडून बघितला, एखाद्या मिनिटाचा फरक. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि नुसतं "हूं" केलं. त्यांच्या तोंडचं "हूं" म्हणजे शंभरातले नव्वद.

मग त्यांना पुण्यतिथी हवी झाली. ज्यू पंचांगात दिवस सूर्यास्ताला बदलतो. माणूस सूर्यास्ताआधी गेला तर एक तिथी, नंतर गेला तर पुढची. दर वर्षी त्या तिथीला आदल्या संध्याकाळपासून चोवीस तास दिवा ठेवायचा आणि मुलाने कद्दीश नावाची प्रार्थना म्हणायची. त्याला दहा ज्यू पुरुष लागतात. मालवणात ते कुठून आणणार? म्हणून काकांचा दिवा बाई इथे लावायच्या आणि कद्दीश मुलगा तिकडे, त्यांच्या प्रार्थनालयात, दहा जणांत उभा राहून म्हणायचा. दोन्ही एकाच दिवशी व्हायचं, आणि बाईंचा सगळा जीव त्यात होता. "त्या दिसाक आमी तिघांय एकत्र असतंव," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या.

कुठलाही प्रोग्राम तपासताना ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं एक उदाहरण त्यात घालायचं असतं. मी काकांचं घातलं. काका गेले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. जूनचा शेवट, बुधवार, संध्याकाळचे सात वाजून चौदा मिनिटं. डॉक्टरांच्या कागदावर तशी वेळ होती आणि ती मला तोंडपाठ होती. गाव घातलं मालवण.

उत्तर आलं ते दुसऱ्याच तिथीचं. नऊ वर्षं बाई आणि मुलगा पाळत होते त्याच्या पुढच्या दिवसाचं.

मी प्रोग्रामला शिव्या घातल्या. दोन दिवस त्यातली चूक शोधली, एकेक ओळ उपसून काढली. चूक नव्हती. त्या दिवशी मालवणात सूर्य सात दहाला बुडाला होता, आणि काका गेले सात चौदाला. म्हणजे सूर्यास्तानंतर. मग मला आठवलं. काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने तिकडून विचारलं होतं, तिथी कुठली धरायची, सूर्यास्ताआधीची की नंतरची. मी रजेवर घरी होते. तिथी काढून देणारी एक वेबसाइट उघडून मीच बघितलं होतं. गावांच्या यादीत मालवण नव्हतं. मी मुंबई निवडली. एकच किनारा, काय मोठा फरक पडणार! मुंबईचा सूर्यास्त सात अठराचा निघाला. मी छाती पुढे काढून सांगितलं, "आधी."

नऊ वर्षं एक मुलगा चुकीच्या दिवशी दहा माणसं गोळा करत होता. नऊ वर्षं बाई चुकीच्या संध्याकाळी दिवा लावून बसत होत्या. हे सगळं माझ्या आळसामुळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं की झाकावं यात मी चार दिवस घालवले. झाकणं सोपं होतं, एक ओळ बदलली असती की जुनीच तिथी आली असती. पण ज्यांनी मला दोन मार्क फुकट दिले नाहीत, त्यांना मी खोटं उत्तर कसं द्यायचं?

गुरुवारी दुपारी मी बाईंकडे गेले. बाई पडवीत बसून शब्बाथच्या दिव्याचा काचेचा पेला राखेने घासत होत्या. त्यांच्याकडे मेणबत्ती नसे. पेल्यात पाणी, पाण्यावर खोबरेल तेल, तेलात वात. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मुंबई, मालवण, सात दहा, सात अठरा. बोलताना मला रडू फुटलं.

बाई घासायच्या थांबल्या. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बस," त्या म्हणाल्या. मग पेला धुतला, उपडा घातला, हात पदराला पुसले.

"सूर्य कधी बुडलो, ता तुझो कम्प्युटर सांगतलो," त्या म्हणाल्या. "पण ते कधी गेले, ता कोण सांगतलो? मी थंय नव्हतंय गो."

मला कळेना. सगळ्या आळीला ठाऊक होतं की काका बाईंच्या हातून पाणी प्यायले आणि गेले. मुलालाही तेच ठाऊक होतं.

"मी तुमच्याकडे होतंय," बाई म्हणाल्या.

आणि मग मला ती संध्याकाळ आठवली. तेव्हा बाईंकडे साधा फोन होता. मी रजेवर आले की त्या आमच्याकडे येऊन माझ्या लॅपटॉपवर मुलाशी बोलायच्या, त्याचा चेहरा बघायच्या. त्या बुधवारी काकांच्या अंगात थोडी कसर होती, तुम्ही जाऊन या म्हणाले. आमचं नेट रडत होतं. फोन लागायचा आणि तुटायचा. बाई दोनदा उठल्या. "ते एकटेच आसत, जातंय मी." दोन्ही वेळा मीच त्यांना बसवलं. "थांबा हां बाई, आजून एकदा लावन बघतंय." तिसऱ्यांदा लागला. बाई पाऊण तास बोलल्या, हसल्या, मुलाने दाढी वाढवली म्हणून रागावल्या. आईने चहा दिला, तो प्यायल्या. मग घरी गेल्या. पुढचं मला माहीत नव्हतं.

"काका खुर्चीत होते," बाई सांगत होत्या. "हात लावलंय तर गार. तांब्या खाली पडलेलो, पाणी लादीवर सुकान गेलेला. मी घड्याळ बघलंय, सात चौदा. डॉक्टरान इचारल्यान कधी गेले, मी बोललंय सात चौदा. पाणी दिलंय म्हटलंय. मगे तांच सगळ्यांका सांगीत रवलंय."

लादीवरचं पाणी जूनच्या दमट हवेत सुकायला किती वेळ लागतो, हे गणित बाईंना येत होतं. मलाही येत होतं. आम्ही दोघींनी ते मोठ्याने केलं नाही.

त्या फोनच्या पाऊण तासात कधीतरी काका तहानेने उठायला बघत होते, आणि त्या पाऊण तासासाठी बाईंना मी बसवून ठेवलं होतं. मुंबई निवडल्याची माझी चूक याच्यापुढे काहीच नव्हती. ती दुरुस्त करता येत होती.

"माझ्यामुळे," मी म्हटलं.

"गप," बाई म्हणाल्या. "तू माका माझ्या झिलाचा तोंड दाखवलंस." मग त्यांनाही रडू फुटलं. मी बाईंना रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या अगदी साध्या बाईसारख्या रडल्या, नाक ओढत, पदर तोंडात धरून.

त्या आठवड्यात मी प्रोग्राममध्ये एक बदल केला. आधी तिथे दोनच पर्याय होते, सूर्यास्ताआधी आणि सूर्यास्तानंतर. सात चौदा ही नुसती बाईंनी घड्याळ बघितल्याची वेळ होती, म्हणून मी तिसरा घातला, 'माहीत नाही'. तो निवडला की दोन्ही तिथ्या येतात. बाईंना दाखवला. त्यांनी स्वतःच्या बोटाने तो निवडला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. या वेळी "हूं"सुद्धा केलं नाही.

पुढची दोन वर्षं त्यांनी काकांच्या तिथीला लागोपाठ दोन दिवस दिवा ठेवला. मुलाला सांगते, सांगते म्हणत राहिल्या, पण सांगितलं नाही. तो जुन्याच दिवशी कद्दीश म्हणत राहिला. शेवटी मला म्हणाल्या, "माझ्यामागे तू सांग त्याका. दोनय दिवस कर म्हणान सांग. कित्याक, ता सांगू नको. तो रात्रपाळी करता, एकटो रवता. त्याका ह्या कशाक व्हया?" मी हो म्हटलं.

त्यानंतर मी बाईंना एकटं सोडलं नाही. माझी आई चिडवायची, तू हल्ली थंयच रवतंस म्हणून. चिडवू दे. लॅपटॉप घेऊन मी त्यांच्या पडवीत काम करायचे आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवायचे. दिवसातून किती वेळा तो भरलेला आहे का बघायचे, त्याला सुमार नव्हता. बाई या जानेवारीत गेल्या. सकाळी दहा चाळीसला, लख्ख उन्हात, माझा हात धरून. पाणी त्या खरोखरच प्यायल्या होत्या, दोन चमचे. मी घड्याळ बघितलं ते बाईंसाठी, आणि असल्या वेळी घड्याळ बघते म्हणून स्वतःचा रागही आला. मुलगा दफनाला पोचला नाही, विमानाचं जमलं नाही. नंतर आठ दिवस येऊन गेला, घराची किल्ली माझ्याकडे देऊन.

गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला. आईच्या नि बाबांच्या तिथ्या पुढच्या दहा वर्षांच्या काढून पाठव, इथे कॅलेंडरवर लिहून ठेवतो. मी काढल्या आणि पाठवल्या. लगेच उलट आला.

"आईची दर वर्षी एकच तारीख आहे. बाबांच्या दोन-दोन का? आई तर त्यांच्या जवळ होती. वेळ नक्की माहीत होती ना?"

मी तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. मग लिहिलं, "होत्या. जवळच होत्या. पाणी त्यांच्याच हातून घेतलं. वेळ बरोबर आहे, प्रोग्राम माझा चुकतोय. मुंबई-मालवणच्या सूर्यास्तात काहीतरी घोळ आहे, मला सापडत नाही. तू दोन्ही दिवस कद्दीश म्हण."

मग त्याचं उत्तर आलं, "म्हणेन. आई म्हणायचीच, तू गणितात कच्ची म्हणून."

मी लिहिलं, "हो."